नाव लपवलं, म्हणून खून केला?

"हल्ली कोण कुठला, काही कळत नाही." विश्रामबागेतल्या सोसायटीची मीटिंग असो, कराडचा स्टँड असो की जतचा बाजार, हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही. म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडी भीती असते, गावातली जुनी ओळखपाळख गेल्याची थोडी हळहळ असते आणि एक पक्की खात्रीही असते, की ज्याला स्वतःचा ठावठिकाणा धड सांगता येत नाही, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच.

अगाथा ख्रिस्तीच्या १९५० सालच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' या कादंबरीत मिस मार्पल ही हौशी गुप्तहेर म्हातारी पोलीस इन्स्पेक्टरपुढे याच अर्थाचं बोलते. युद्धाआधी खेड्यात नवं कुटुंब आलं की सोबत कुणाचं तरी ओळखीचं पत्र यायचं. हे अमक्यांचे भाचे, ते तमक्यांच्या पलटणीतले. युद्धानंतर मोठी घरं विकली गेली. हिंदुस्थानातून, हाँगकाँगहून परतलेली माणसं येऊन राहू लागली. ती स्वतःबद्दल जे सांगतील तेवढंच गावाला ठाऊक. प्रत्येकाकडे रेशनचं पुस्तक आहे, ओळखपत्र आहे, त्यावर नंबरसुद्धा आहे. फोटो नाही आणि बोटाचा ठसाही नाही. म्हणजे कागद आहे, माणूस मात्र कुणीही असू शकतो.

आता पंचाहत्तर वर्षांत ज्यांनी ही कादंबरी वाचली नाही त्यांची आगाऊ माफी मागून शेवट सांगतो, कारण माझा मुद्दाच त्या शेवटात आहे. या गोष्टीत तीन बायका आपली खरी ओळख लपवून वावरतात. त्यातल्या दोघी निर्दोष निघतात. तिसरी खून करते. ती कोण? गावात जिचा सगळ्यात जास्त मान आहे ती घरमालकीण. आणि पहिल्या पानापासून गाव जिच्याकडे बोट दाखवतं ती निर्वासित स्वयंपाकीण? परक्या देशातली, उठसूट खोटं बोलणारी, पोलीस दिसला की थरथरणारी. तिचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नसतो. उलट खुनी पकडायला तीच जिवावर उदार होऊन मदत करते.

रहस्यकथांनी वाचकाला संशयी केलं, असं आपल्याकडचे शहाणे लोक सांगत आले आहेत. मला नेमकं उलटं वाटतं. अभिजात रहस्यकथेने संशय घ्यायला शिकवलं असेल, पण त्याहून मोठी गोष्ट तिने शिकवली, ती म्हणजे संशयावर न थांबणं. माणूस ओळख लपवतो आणि माणूस गुन्हा करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही. सातारा-सांगलीत आज आपण जे करतो आहोत, गावच्या ग्रुपवर, भाड्याच्या खोलीच्या दारात आणि कधी कधी रस्त्यावर काठी घेऊन, त्यात हा फरक साफ पुसला गेला आहे.

हा फरक रहस्यकथेत आला तो लेखकांच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. ती धंद्याची गरज होती. बंगल्यात सातआठ माणसं आहेत आणि खुनी एकच आहे. बाकीच्यांवर वाचकाचा संशय जायचा तर त्यांनीही काहीतरी लपवायला हवं. मग लेखकाला प्रत्येकासाठी खोटं बोलण्याचं एक वेगळं, पटेल असं कारण शोधावं लागतं. एकाचा बाप तुरुंगात होता. एकीने पळून जाऊन लग्न केलंय. एकाने कर्ज बुडवून गाव सोडलंय. एकाचं जुनं नाव त्याला नोकरी मिळू देत नाही. अशा शेकडो कादंबऱ्या एकत्र ठेवल्या तर साध्यासुध्या माणसाला आपली ओळख का लपवावी लागते, याची एवढी मोठी जंत्री समाजशास्त्राच्या पुस्तकातही मिळायची नाही.

त्यामुळे खोटं पकडणं हे या गोष्टींतलं सोपं काम आहे. ते स्थानिक इन्स्पेक्टरही करतो. पुस्तकाच्या मध्यावर तो ऐटीत जाहीर करतो, की या माणसाने खोटं नाव सांगितलंय, सबब घाला बेड्या. वाचक मनात हसतो, कारण उजव्या हाताखाली अजून दीडशे पानं शिल्लक असतात. हुशार गुप्तहेराचं काम त्यानंतर सुरू होतं. हे खोटं कशासाठी, आणि त्या रात्री अकरा वाजता हा होता कुठे, हे दोन प्रश्न तो वेगवेगळे विचारतो. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून तो बोलायला लागतो तेव्हा बराच वेळ खुन्याबद्दल बोलतच नाही. एकेका निर्दोष माणसाला त्याच्या खोटेपणातून सोडवत जातो. लहानपणी मला ही पानं कंटाळवाणी वाटायची. आता वाटतं, गोष्टीचा जीव तिथेच आहे.

शेरलॉक होम्सच्या दोन गोष्टी याबाबतीत मला फार मोलाच्या वाटतात. पहिली १८९१ सालची, 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप'. नेव्हिल सेंट क्लेअर हा बायकापोरांचा सुखवस्तू गृहस्थ बेपत्ता होतो. ज्या खोलीच्या खिडकीत तो बायकोला शेवटचा दिसला तिथे पोलिसांना सापडतो ह्यू बून नावाचा एक विद्रूप भिकारी. त्याच्यावर खुनाचा संशय येतो आणि तो गजाआड जातो. होम्स ओला स्पंज घेऊन कोठडीत जातो, झोपलेल्या भिकाऱ्याचं तोंड खसाखसा पुसतो आणि रंगाखालून निघतो खुद्द सेंट क्लेअर. ज्याचा खून झाला म्हणतात तो हाच, आणि ज्याने केला म्हणतात तोही हाच! पूर्वी हा वार्ताहर होता. लेखासाठी एकदा भिकाऱ्याचं सोंग घेतलं, नोकरीपेक्षा भीक जास्त मिळते हे कळलं आणि तो सोंगातच अडकला. खुनाचा आळ अंगावर असतानाही हा माणूस तोंड उघडत नाही, कारण आपला बाप भिकारी होता हे पोरांना कळू नये. फाशीपेक्षा त्याला लाजेची भीती जास्त आहे.

पुढे काय होतं ते आजच्या आपल्या सवयींशी ताडून पाहण्यासारखं आहे. पोलीस अधिकारी म्हणतो, यापुढे ह्यू बून दिसता कामा नये, म्हणजे आम्हीही ही गोष्ट बाहेर काढणार नाही. चौकशीत हाती लागलेलं, पण गुन्ह्याशी संबंध नसलेलं गुपित पोलिसांच्या दप्तरातच राहतं. गावभर जात नाही.

दुसरी गोष्ट १८९३ची, 'द यलो फेस'. यात होम्स चुकतो. बायको शेजारच्या घरात कुणाला तरी लपवून ठेवते आहे, खिडकीत एक पिवळा, निर्जीव चेहरा दिसतो. होम्स अंदाज बांधतो, की हिचा पहिला नवरा जिवंत असणार आणि तो हिला धमकावून पैसे उकळत असणार. दार उघडल्यावर दिसते एक लहान मुलगी. बाईला आधीच्या, कृष्णवर्णीय नवऱ्यापासून झालेली. शेजाऱ्यांत कुजबुज होऊ नये म्हणून पोरीच्या तोंडावर मुखवटा चढवला होता. नवरा बराच वेळ गप्प राहतो, मग पोरीला उचलून तिचा मुका घेतो आणि बायकोचा हात धरून घराकडे चालू लागतो. होम्स मित्राला सांगून ठेवतो, की पुन्हा कधी मी फाजील आत्मविश्वास दाखवला तर या गावाचं नाव माझ्या कानात सांग. जगातला सगळ्यात प्रसिद्ध गुप्तहेर इथे तोंडघशी पडतो, कारण त्याने लपवाछपवीवरून थेट गुन्ह्यावर उडी मारली. मुखवट्यामागे गुन्हा नव्हताच. शेजाऱ्यांच्या जिभेची धास्ती होती.

पुढे १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या पाद्रीबाबांनी रहस्यकथेचे दहा नियम केले. त्यातला एक आज वाचताना दचकायला होतं. कथेत चिनी माणूस नको, असं तो म्हणतो. शब्द ओबडधोबड आहेत, पण त्या काळच्या स्वस्त थरारकथांमध्ये खलनायक ठरलेला असायचा, पिवळ्या कातडीचा आणि तिरक्या डोळ्यांचा. परका माणूस आणला की लेखकाची मेहनत वाचते. नॉक्सने ती पळवाट बंद केली. 'कुणी भटक्या येऊन खून करून गेला असेल' हे वाक्य तर इंग्रजी खेड्यातल्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी बोलतंच, आणि चांगल्या लेखकाने त्या भटक्याला सहसा गुन्हेगार ठरवलेलं नाही. गुन्हेगार घरातला निघतो. ओळखीचा, चहा पिऊन गेलेला.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. ते नावही पाळण्यातलं नव्हे, त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचे नायक, झुंजार काय किंवा काळापहाड काय, स्वतःच नावं आणि वेश बदलून हिंडणारे. सातारा-सांगलीच्या वाचनालयांतून ही पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचली गेली. वेषांतर करणारा म्हणजे लुच्चा, असं तेव्हा कुठल्या वाचकाला वाटलं नाही.

आता पुस्तकातून बाहेर येऊ.

१३ सप्टेंबर २०२२. जत तालुक्यातलं लवंगा. उत्तर प्रदेशातले चार साधू गाडीने विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. रात्री गावातल्या देवळात थांबले. सकाळी निघताना एका मुलाला त्यांनी वाट विचारली. एवढंच. पोरं पळवणारी टोळी आली म्हणून बोभाटा झाला आणि लोकांनी त्यांना गाडीतून ओढून पट्ट्या-काठ्यांनी झोडपलं. पोलिसांनी चौकशी केली. ते खरेच साधू निघाले. नशीब की जीव वाचला. त्याआधी चार वर्षं, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी अशाच संशयावरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले गेले. मोबाईलवर फिरलेल्या अफवांनी जमीन आधीच तयार करून ठेवली होती.

लवंग्याच्या त्या चौघांनी तर काही लपवलंही नव्हतं. त्यांची भाषा वेगळी होती, वेश वेगळा होता आणि त्यांना ओळखणारं गावात कुणी नव्हतं. आपल्याला ओळख पटत नाही, याचा अर्थ त्याने ती लपवली आहे असा आपण लावतो, आणि लपवली आहे म्हणजे गुन्हा केला आहे असा पुढचा. दोन उड्यांत माणूस 'कोण आहे बरं हा' वरून 'मारा साल्याला' वर येतो. गोष्टीतला उतावळा इन्स्पेक्टर बिचारा निदान बेड्यांवर थांबायचा.

हे आजचंच आहे म्हणावं तर तसंही नाही. कागदावर, कायद्याने, हीच उडी ब्रिटिश सरकारने १८७१ साली मारली. गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला. चावडीवर हजेरी, गाव सोडायला परवानगी, बाहेर जाताना पास. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. ब्रिटिश मुलखातला कायदा मात्र देश स्वतंत्र झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. त्यातून सुटलेल्या म्हणून त्या विमुक्त जाती. यातली खोच अशी, की ज्याची ओळखच गुन्हा ठरवली गेली त्याला ओळख लपवण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. शहरात शिकायला आलेला पारध्याचा पोरगा आडनाव बदलून सांगतो तेव्हा तो खोटं बोलतो, हे कबूल. पण त्याला खोटं बोलायला कुणी शिकवलं?

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे. तिथे बहिर्जी नाईकांची समाधी दाखवतात. शिवाजी महाराजांचा हेरप्रमुख, वेश बदलण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नाही असा माणूस. हारफुलं घेऊन आपण गड चढतो, बहिर्जी कधी फकीर झाले नि कधी भिकारी, हे पोरांना रंगवून सांगतो. ज्या रामोशी समाजातले ते मानले जातात, त्या समाजाचं नाव आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. गड उतरून आल्यावर रस्त्यात खरा फकीर भेटला तर आपण त्याला आधार कार्ड मागतो.

आणि बहुरूपी? सोंग हाच ज्याचा धंदा. पोलिसाच्या खाकी वेशात दारात उभा राहायचा, वहीत काहीतरी खरडल्यासारखं करायचा, घरच्या म्हातारीवर कसला तरी अचाट गुन्हा दाखल करायचा आणि सूपभर जोंधळे घेऊन पुढच्या घरी जायचा. गावाला ठाऊक असायचं की हा खोटा फौजदार आहे. पोरांना ठाऊक नसायचं, म्हणून मजा. आज असा बहुरूपी मिरजेच्या एखाद्या कॉलनीत शिरून बघू दे. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो पाच ग्रुपवर असेल, खाली 'सावधान' लिहिलेलं.

सातारा-सांगलीला हा विषय परका नसावा याला आणखी एक कारण आहे. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग धरून होता. १९४२नंतर या मुलखातली कितीतरी माणसं खोट्या नावाने जगली. ब्रिटिशांविरुद्ध इथे प्रतिसरकार चालवणारे नाना पाटील १९४६पर्यंत भूमिगत होते. सरकारच्या दप्तरात ते फरारी. गावात मात्र कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून, कुणाच्या तरी वस्तीवर गडी म्हणून अशी माणसं राहत. येणाऱ्याला नाव विचारायचं नाही, ही तेव्हाची रीत होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी लुटली. पैसे नेणारे हात कुणाचे, हे आसपासच्या गावांना माहीत नसेल असं कोण म्हणेल?

नाना पाटलांची मुलगी हौसाताई. सतरा वर्षांची असताना तिने भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एक नाटक केलं. दारुडा नवरा बायकोला रस्त्यात बदडतोय, ती ओरडतेय, तो मोठा धोंडा उचलून इथेच ठार मारतो म्हणतोय. चौकीतले शिपाई भांडण सोडवायला बाहेर आले. तेवढ्यात मागून साथीदारांनी आत शिरून बंदुका आणि काडतुसं लांबवली. नवरा खोटा, भांडण खोटं. मार मात्र खरा होता, पाठ दुखत होती असं त्या म्हातारपणी सांगायच्या. एखाद्या रहस्यकथाकाराला सुचलं असतं तर त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. याच नाना पाटलांना साताऱ्याने १९५७ साली लोकसभेत पाठवलं. सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा पुढे मुख्यमंत्री झाले.

यावर कुणी म्हणेल, ते देशासाठी होतं, उगाच भुरट्या भाडेकरूशी तुलना नको. मान्य. आणि प्रतिसरकारचं चित्र निव्वळ सोनेरी रंगवू नये, हेही मान्य. खबऱ्या ठरवलेल्या माणसाच्या तळपायावर फटके बसत आणि संशयावरून शिक्षा होण्याचा धोका तिथेही होताच. माझं म्हणणं तुलनेचं नाही. ज्या मुलखाने चार वर्षं नाव न विचारता माणसं घरात घेतली, त्या मुलखाला एवढं तरी कळायला हवं, की खोटं नाव ही स्वतः कुठल्याच बाजूची साक्ष नसते. ते सांगणारा नाना पाटील असू शकतो, पाकीटमार असू शकतो, किंवा घरच्यांना न सांगता लग्न केलेलं एक घाबरलेलं जोडपं असू शकतं.

भाड्याच्या खोलीचंच बघा. 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखालचा नंबर फिरवला की संभाषण ठरलेलं. एकटे का फॅमिली? नोकरी कुठे? नाव काय? नाव सांगितलं की पलीकडे जरा शांतता. "आडनाव काय म्हणालात?" आडनावाने भागलं नाही तर, "मूळ गाव कुठलं?" आणि तरीही अंदाज येईना तर, "नॉनव्हेज खाता का?" घरमालक कसली चौकशी करतोय, हे दोघांनाही नीट ठाऊक असतं. तो यातला एकही प्रश्न चोरी-दरोड्याच्या भीतीने विचारत नाही. मिरजेत दवाखान्यासाठी आलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला महिनाभरासाठी खोली हवी असते. त्याच्या शेजारच्या कॉटवरच्याने सल्ला दिलेला असतो, की आडनाव सांगू नका, गावाचं नाव लावा. तो लावतो. पंधरा दिवसांनी घरमालकाला कळतं आणि तो कट्ट्यावर सांगतो, "बघा, खोटं बोलला. असली माणसं काय करतील भरवसा नाही." खोटं बोलायला लावलं कुणी, हा प्रश्न त्या कट्ट्यावर येत नाही.

आपली माणसं बाहेर काय भोगतात ते तरी आठवावं. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यवसाय करणारे लोक, सोनं-चांदी गाळून देणारे, देशभरातल्या शहरांत पसरले आहेत. सराफकट्ट्याजवळच्या एखाद्या बोळात छोटं दुकान, भाषा मोडकीतोडकी, हाताशी दुसऱ्याचं सोनं. तिथल्या लोकांच्या दृष्टीने तेही 'कोण कुठले' असतात. चोरीचा माल गाळला का, असा संशय त्यांच्यावरही येतो. तेव्हा चौकशी नीट व्हावी, उगाच आत टाकू नये, म्हणून इकडून फोनाफोनी होते. इकडे हंगामाला बीडकडून ऊसतोडीची टोळी आली आणि त्याच आठवड्यात कुणाची मोटर चोरीला गेली, की संशयाची सुई पहिल्यांदा कुठल्या कोपीकडे वळते ते वेगळं सांगायला नको.

मग पोलिसांनी चौकशी करूच नये का? भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं चुकीचं आहे का? नाही, चुकीचं नाही. नाव बदलून राहणारे खरे गुन्हेगार असतात, भाड्याच्या खोलीत पकडलेही जातात. होम्सच्याच 'बास्करव्हिल' कादंबरीतला स्टेपलटन बायकोला बहीण म्हणून मिरवतो आणि तो खुनीच असतो. तेव्हा 'लपवणारे सगळे बिचारे' हे दुसऱ्या टोकाचं भाबडेपण झालं. माझा आक्षेप चौकशीला नाही. चौकशी कोण करतं, कशाची करतं आणि मिळालेल्या माहितीचं पुढे काय होतं, यावर आहे.

कागदावर विसंबू नये, ही ख्रिस्तीबाईंची शिकवणही इथे लागू पडते. कागद पाण्यात जातो, कागद बनावट करता येतो. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ओसरल्यावर गावभागात दोऱ्यांवर कपडे वाळत होते तशी रेशन कार्डं, शाळेचे दाखले वाळत होते. काहींची शाई पूर्ण गेली होती. ज्यांच्या ट्रंका वाहून गेल्या त्यांच्याकडे आपण कोण हे दाखवायला चिठोराही उरला नव्हता. तेव्हा शेजारचा माणूस पुढे होऊन म्हणायचा, "हे इथलेच, मी ओळखतो." भाड्याने राहणाऱ्या, नव्याने आलेल्या माणसासाठी असं म्हणायला पुढे कोण होणार?

ब्रिटनमध्ये युद्धाच्या धामधुमीत १९३९ला ओळखपत्र आलं आणि युद्ध संपलं तरी गेलं नाही. मिस मार्पलची ही कादंबरी १९५० साली आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाची मोटार पोलिसाने अडवली. ओळखपत्र दाखव म्हटल्यावर तो नाही म्हणाला. खटला झाला. तो हरला, कारण कायदा तसा होता. पण न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनीच पोलिसांना सुनावलं, की युद्धासाठी केलेला कायदा येताजाता वापरून तुम्ही सरळ नागरिकांना कायद्याचा वैरी बनवताय. फेब्रुवारी १९५२मध्ये ओळखपत्र रद्द झालं. आपल्याकडे चावडीवरची हजेरी सुटली तीही त्याच साली. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितलं. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या कुठल्या हाउसिंग सोसायटीच्या नोटीस बोर्डापर्यंत तो निकाल पोचलाय, मला शंका आहे.

गावात पोलीस पाटील आहे. १९६७च्या कायद्याने त्याला काम नेमून दिलंय. अनोळखी माणूस आला, शंका आली, तर त्याला बोलवावं. त्याने विचारावं, ठाण्याला कळवावं. तोवर त्या माणसाला देवळाच्या ओट्यावर बसू द्यावं, पाणी द्यावं. हे काही नवं नाही, कागदावर आधीपासून आहे. अडचण अशी की पोलीस पाटील येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात आणि मोबाईलवरचा फोटो दहा सेकंदांत जातो.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे आणि ती ग्रामपंचायतींना, सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि ग्रुपच्या अॅडमिनना आहे. संशयिताचा फोटो ग्रुपवर टाकायचाच नाही. माहिती द्यायची ती ११२ला आणि पोलीस पाटलाला. आणि कुणी उत्साहात टाकलाच, चौकशीत माणूस निर्दोष निघाला, तर ज्याने टाकला त्यानेच त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळक अक्षरांत तसं लिहायचं आणि जिथे जिथे पुढे पाठवला तिथून तो काढून घ्यायला सांगायचं. चौकशीत दुसरंच काही कळलं असेल, कुणाचं लग्न, कुणाची जात, कुणाचा आजार, तर ते ठाण्यातच ठेवायचं, जसं ह्यू बूनचं ठेवलं. मी स्वतः गावच्या, गल्लीच्या, शाळेच्या मिळून अनेक ग्रुपांत आहे. 'हा माणूस दिसल्यास पकडा' असे मेसेज तिथे दर पावसाळ्यात येतात. 'तो माणूस निर्दोष होता' असा मेसेज अजून एकाही ग्रुपवर आलेला नाही.